वापरलेली हत्यारे घ्या, पण पारखून घ्या



कांद्याची लावणी चालू आहे. रोप उपटून ठेवलेले आहे, बाया वाफ्यावर येऊन थांबल्या आहेत आणि नेमके त्याच वेळी पंपाच्या जोडातून पाणी उडू लागते. काम म्हणाल तर एका नटाचे. पण त्याला बसणारा पाना घरात नाही. मग कोणीतरी पक्कड आणतो, पक्कडीने नटाचे कोपरे गोल होतात आणि पाच मिनिटांचे काम पाच तासांचे होऊन बसते. मिस्त्रीला फोन करावा तर तो तीन गावे पलीकडे. रोप सुकते, रोजगार अंगावर पडतो. असा दिवस वर्षातून तीन-चार वेळा तरी प्रत्येक शेतकरी घरावर येतो, आणि त्याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

घरात आठ-दहा कामाची हत्यारे असावीत हे सगळ्यांनाच पटते. अडते ते किमतीपाशी. नवी आणि चांगली हत्यारे महाग, नवी आणि स्वस्त हत्यारे बहुधा मऊ लोखंडाची. दोन वेळा जोर दिला की पान्याचा जबडा फाकतो, पेचकसाचे टोक पिळवटते. यावर एक जुनाच मार्ग आहे. चांगल्या पोलादाचे हत्यार एका माणसाच्या वापराने संपत नाही. ते हाताळून कोणीतरी टाकलेले असते, विकायला काढलेले असते, माळ्यावर गंजत पडलेले असते. ते शोधावे, पारखावे आणि घरी आणून पुन्हा कामाला लावावे. मात्र यात फसगतही पुष्कळ आहे आणि थोडा धोकाही आहे. म्हणून चार गोष्टी सविस्तर सांगतो.

आधी घरचा माळा बघा

बाजारात जाण्यापूर्वी स्वतःच्या घराचा माळा, गोठ्याची वळचण आणि जुन्या पेट्या तपासा. आजोबांच्या वेळची पहार, घण, वाकस, गिरमिट, इंजिनाबरोबर आलेले पाने, असे काहीबाही हमखास सापडते. घर नवे बांधताना हीच वस्तू भंगारवाल्याच्या तराजूत जाते. किलोवर जे पैसे मिळतात त्यात त्याच जातीचा नवा घण मिळणार नाही. तेव्हा घरातले लोखंड विकायला काढण्याआधी एकदा घासून बघा. गंजाखाली एखादा ठसा, कंपनीचे नाव किंवा मापाचा आकडा दिसला तर तो तुकडा बाजूला ठेवा.

दुसरी जागा म्हणजे गावातले सुतार-लोहाराचे घर. बलुतेदारी मोडली, मुले शहरात नोकरीला लागली आणि भाता, ऐरण, सांडशी, रंधे, पटाश्या परड्यात पडून राहिल्या. ही हत्यारे फार चांगली असतात, कारण ज्याने वापरली त्याचे पोट त्यावर होते. पण येथे एक सांगणे आहे. घरधनी गेलेला असेल आणि त्याची बायको हत्यारे विकत असेल, तर तिला किमतीचा अंदाज नसतो. भंगाराचा भाव सांगून ऐरण उचलून आणणे ही हुशारी नव्हे. नव्या ऐरणीची किंमत काय ते तिला सांगावे आणि मग निम्म्या-पाऊण किमतीवर सौदा करावा. गावात राहायचे असते, आणि त्या ऐरणीवर तुम्ही मारलेला प्रत्येक घाव त्या घरापर्यंत ऐकू जातो.

मुंबईच्या गिरण्यांत काम केलेल्या माणसांची घरेही लक्षात ठेवा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर बऱ्याच गिरण्या नीट उभ्या राहिल्याच नाहीत आणि कितीतरी कामगार कोकणात व घाटावर आपापल्या गावी परतले. त्यांत फिटर होते, टर्नर होते. अशा माणसाची पेटी हाती लागली तर तीत व्हर्निअर, चांगल्या कानशी, आटे पाडायचे टॅप-डाय असे जिन्नस निघू शकतात. आणि तो म्हातारा अजून असेल तर पेटीपेक्षा त्याच्याजवळ बसून घेतलेले दोन तास जास्त मोलाचे.

बाजार आणि लिलाव

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईचा चोरबाजार तर सर्वांना ठाऊकच आहे; शुक्रवारी पहाटे तेथे रस्त्यावर जुना माल मांडला जातो. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात आणि शहराच्या आसपास ओतकाम, इंजिनांचे भाग, यंत्रकाम यांचे कितीतरी कारखाने आहेत. अशा गावांत कारखाना नवे यंत्र घेतो तेव्हा जुने बाहेर पडते. त्यासाठी दुकानदारापेक्षा एखाद्या कारखान्यातल्या ओळखीच्या कारागिराला सांगून ठेवणे फायद्याचे. आठवडा बाजारातही एखादा माणूस गोणपाटावर पाने, हातोड्या मांडून बसलेला असतो. त्याच्याकडे रत्न मिळते ते क्वचित, पण मिळते.

बाजारात सकाळी लवकर जा, उजेडात वस्तू बघा आणि खिशात चार गोष्टी ठेवा: पातळ पत्र्याची सरळ पट्टी, एक मोठा बेअरिंगचा छरा, लोहचुंबक आणि पॉलिश कागदाचा तुकडा. चुंबकाने बिडाच्या यंत्रातली पुट्टी कळते. जेथे तुटलेला भाग भरून रंग दिलेला असतो तेथे तो चिकटत नाही. नुकताच रंग दिलेली जुनी वस्तू दिसली की जास्त बारकाईने बघा. गंजलेली वस्तू निदान आपले दोष लपवत नाही.

सरकारी लिलावांविषयी बरेच जण विचारतात. रेल्वे, एस.टी., वीज कंपन्या, साखर कारखाने यांच्याकडून बाद माल लिलावाने विकला जातो. केंद्र सरकारच्या एम.एस.टी.सी. या कंपनीमार्फत आणि रेल्वेच्या स्वतःच्या व्यवस्थेतून हे लिलाव आता संगणकावर होतात. त्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते आणि अनामत भरावी लागते. माल ‘आहे तेथे, आहे तसा’ या अटीवर मिळतो. म्हणजे नंतर तक्रार चालत नाही आणि उचलण्याचा खर्चही आपलाच. शिवाय एकेक ढीग टनावारी असतो. एकट्या शेतकऱ्याने या भानगडीत पडू नये असे माझे मत आहे. गावातले पाच-सहा जण आणि एक जाणकार मिस्त्री मिळून गेले तर गोष्ट वेगळी.

चोरीच्या मालाचा प्रश्न गंभीर आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला कारण असूनही घेतला, तर घेणाराही गुन्हेगार ठरतो. पूर्वी हे भारतीय दंड विधानात होते, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. रेल्वेच्या मालाचे तर आणखी कडक आहे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ऐरणीऐवजी रुळाचा तुकडा वापरतात. काम छान होते यात शंका नाही. पण १९६६ च्या रेल्वे मालमत्ताविषयक कायद्याखाली, चोरीचा असल्याचा संशय यावा असा रेल्वेचा माल बाळगला आणि तो रीतसर मिळाला हे दाखवता आले नाही, तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रुळाचा तुकडा घ्यायचा तर लिलावात माल घेतलेल्या व्यापाऱ्याकडून, पावतीसकट. इतर कोणतीही मोठी वस्तू घेताना साध्या कागदावर का होईना पण विकणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख, वस्तूचा नंबर आणि सही घ्यावी. सही द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडची वस्तू स्वस्त असली तरी सोडून द्या.

हल्ली मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती येतात. त्यात वेल्डिंग यंत्र, जनित्र, ड्रिल असे सगळे दिसते. आपण सैन्यात आहोत, बदली झाली म्हणून स्वस्तात विकतो आहोत, असे सांगून आगाऊ पैसे मागणारे भामटे पुष्कळ आहेत. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि हाताने फिरवून बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आणि तुम्ही विकणारे असाल तर हे पक्के ध्यानात ठेवा, की पैसे घेण्यासाठी मोबाइलवर गुप्त आकडा टाकावा लागत नाही. तो टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

पारख कशी करावी

पान्यांपासून सुरुवात करू. पान्याचा जबडा आतून बघा. दोन्ही कडा समांतर असाव्यात, फाकलेल्या किंवा कोपऱ्यात खचलेल्या नसाव्यात. जबड्याच्या मुळाशी केसासारखी चीर दिसते का ते बघा. नळी घालून जोर दिलेला पाना मधेच थोडा वाकलेला असतो, तो घेऊ नये. रिंग पाना शेतकऱ्याला जास्त उपयोगी, कारण तो नटाला चहूबाजूंनी धरतो आणि कोपरे खात नाही.

मापांचा घोटाळा येथे समजून घेतला पाहिजे, कारण जुन्या पान्यांच्या ढिगात तीन जातींची मापे एकत्र असतात. मिलिमीटरच्या पान्यावर १३ असे लिहिले असेल तर जबड्याची रुंदी १३ मिलिमीटर. इंची पान्यावर ए.एफ. अशी अक्षरे असतात, तेथेही आकडा जबड्याच्या रुंदीचाच, पण इंचात. तिसरी जात व्हिटवर्थची. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअराने १८४१ साली आट्यांचे माप ठरवून दिले, त्याच्या नावाची. या पान्यावरचा आकडा जबड्याचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. म्हणून अर्धा इंच व्हिटवर्थचा पाना हातात घेतला तर त्याचा जबडा २३ मिलिमीटरहून थोडा जास्तच भरतो आणि माणूस गोंधळतो. आपल्या देशात मेट्रिक मापे १९५६ च्या कायद्याने आली, पण लिस्टर पद्धतीची जुनी ऑइल इंजिने आणि जुनी इंग्रजी यंत्रे व्हिटवर्थ बोल्टांवरच उभी आहेत. तुमच्याकडे असे इंजिन असेल तर व्हिटवर्थचे पाने दिसतील तेथे उचला. ते आता नव्या दुकानात सहजासहजी मिळत नाहीत आणि ज्याला ठाऊक नाही तो ते भंगारात टाकतो. काही मापे मात्र एकमेकांच्या कामी येतात. पाऊण इंच ए.एफ. आणि १९ मिलिमीटर यांत फरक जवळजवळ नाहीच. पण अर्धा इंच ए.एफ.च्या नटाला १३ चा पाना लावाल तर तो ढिला बसतो आणि नटाचे कोपरे जातात. जाताना आपल्या पंपाचे, इंजिनाचे, नांगराचे नट मोजून कागदावर लिहून न्या.

व्हाइस ही मला सर्वांत महत्त्वाची वस्तू वाटते. तिसरा हात म्हणा ना. चार किंवा पाच इंची जबड्याची व्हाइस शेतकऱ्याच्या घराला पुरते. जुनी घेताना ती पूर्ण उघडून बघा आणि पूर्ण मिटवून बघा. मिटल्यावर जबडे वरपासून खालपर्यंत सारखे टेकले पाहिजेत. मुठा उलट-सुलट फिरवा. पाव फेरा रिकामा गेला तर चालेल, अर्ध्याहून जास्त रिकामा जात असेल तर आतले आटे झिजले आहेत. मग हातोडीच्या दांड्याने अंगावर टकटक करा. धडधाकट बीड वाजते. चीर गेलेले बीड फुटक्या मडक्यासारखा आवाज देते. बिडाला वेल्डिंग केलेले दिसले तर घेऊ नका. बीड वाकत नाही, एकदम तुटते, आणि बिडाचे वेल्डिंग फार थोड्यांना नीट जमते. जबड्यावरच्या पोलादी पट्ट्या झिजल्या असतील तर चिंता नको, त्या स्क्रूवर बसवलेल्या असल्या तर बदलता येतात.

ऐरणीसाठी तो बेअरिंगचा छरा बाहेर काढा. दहा इंचांवरून ऐरणीच्या पाठीवर सोडा. सात-आठ इंच उसळून आला तर पाठ कडक आहे. तीन-चार इंचांवरच मेला तर ती साधी बिडाची किंवा पाणी उतरलेली ऐरण समजा. आग लागलेल्या घरातली ऐरण दिसायला उत्तम असते, पण तिचे पाणी गेलेले असते. छरा ते सांगतो.

सुतारी हत्यारांत करवतीचे पाते हलके वाकवून सोडावे. ते सरळ परत आले पाहिजे, मधे मुरड राहता कामा नये. दात झिजलेले असले तरी चालते, ते पुन्हा काढता येतात. पटाशी विकत घेताना तिची लांबी बघा. झिजून झिजून आखूड झालेल्या पटाशीत कडक पोलाद संपलेले असू शकते. धारेजवळ निळसर डाग असेल तर कोणीतरी ती ग्राइंडरवर तापवून तिचे पाणी उतरवले आहे. तेवढा भाग घासून काढावा लागेल. गुण्या तपासायची युक्ती सोपी आहे. सरळ कडेच्या फळीला गुण्या लावून रेघ ओढा, मग तो उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी रेघ ओढा. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. गवंडीकामाची लेव्हलही अशीच जागच्या जागी उलटी फिरवून बघावी. व्हर्निअर घ्याल तर जबडे मिटवून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसू नये आणि शून्याला शून्य जुळले पाहिजे.

कानशी मात्र नव्या घ्या. बोथट कानस म्हणजे गुळगुळीत लोखंडाची पट्टी. आणि जुन्या कानशीची छिन्नी करायचा मोह टाळा. कानशीचे पोलाद कडक आणि ठिसूळ असते, हातोडीच्या घावाने तिचा तुकडा उडतो. जाणत्या लोहाराकडून तापवून नीट पाणी पाजून घेतली तर गोष्ट निराळी.

विजेवर चालणारी यंत्रे

येथे मी थोडा कडक होणार आहे, कारण येथे जीव जातो.

बेंच ग्राइंडर जुना घ्यायला हरकत नाही, पण त्यावरचा दगड जुना ठेवू नका. तो कधी पडला होता, ओला झाला होता की काय, हे तुम्हाला कळणार नाही. तडा गेलेला दगड भर वेगात फुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात. नवा दगड लावण्याआधी त्याला बोटावर टांगून लाकडी दांड्याने हलके वाजवा. स्वच्छ टणकार आला पाहिजे. दगडावर लिहिलेला फेऱ्यांचा आकडा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावा. दगडाच्या दोन्ही बाजूंना कागदी चकत्या हव्यातच. हत्यार टेकवायची पट्टी दगडापासून तीन मिलिमीटरहून दूर नको, नाहीतर हत्यार मधे अडकून हात खेचला जातो. वरचे झाकण काढलेला ग्राइंडर घेतलात तर आधी झाकण बसवा. चालू केल्यावर मिनिटभर बाजूला उभे राहा. फुटायचा असला तर दगड बहुधा तेव्हाच फुटतो. आणि दगडाच्या अंगाला, म्हणजे बाजूला, घासू नका.

ड्रिल यंत्रात चक धरून आडवे हलवून बघा. खडखडले तर बेअरिंग किंवा बुश गेलेले आहे. मग एक सरळ ड्रिल लावून हाताने फिरवा आणि टोकाकडे बघा. टोक गोल फिरताना डगमगत असेल तर भोक कधीच मापात पडणार नाही. मोटर स्वतंत्र असेल तर तिची पाटी वाचा. सिंगल फेज की थ्री फेज? गावठाणातल्या घराला सिंगल फेज असते. थ्री फेजची मोटर स्वस्त मिळाली म्हणून आणायची आणि कंडेन्सर लावून चालवायची, हा प्रकार गावोगाव चालतो. त्यात मोटरची ताकद घटते, ती तापते आणि लवकरच जळते. शेतीपंपाच्या जोडणीवर वर्कशॉप चालवणे हेही बरोबर नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर धरला जातो आणि दुप्पट दराने आकारणी होते.

जुनी मोटर घेण्यापूर्वी वायरमनकडून मेगरने तपासून घ्या. एक मेगओहमच्या खाली आकडा दाखवत असेल तर गुंडाळणी ओली किंवा जळकी आहे. मेगर नसेल तर निदान वास घ्या, जळक्या वार्निशचा वास लपत नाही. तीन पिनांची तार, पक्के अर्थिंग आणि गळती झाली तर वीज तोडणारा स्विच, एवढे केल्याशिवाय कोणतेही जुने यंत्र चालू करू नका. पायात कोरडी चप्पल किंवा बूट हवाच.

वेल्डिंगच्या जुन्या ट्रान्स्फॉर्मरविषयी सांगायचे तर तो दणकट असतो, पण घरच्या जोडणीला झेपत नाही. तो लावला की शेजारचे दिवे मिणमिणतात. आता हलकी इन्व्हर्टर यंत्रे आली आहेत. तेव्हा जुना ट्रान्स्फॉर्मर केवळ स्वस्त म्हणून उचलू नका. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी बघितला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. मुले गंमत म्हणून बघत उभी राहतात, त्यांना हाकलाच. जस्त चढवलेल्या पत्र्याला वेल्डिंग करताना निघणाऱ्या पांढऱ्या धुराने थंडी-ताप भरतो. डिझेलच्या किंवा पेट्रोलच्या रिकाम्या पिंपाला वेल्डिंग करू नका. पिंप रिकामे दिसते, पण आत वाफ असते आणि ती बॉम्बसारखी उडते.

काही वस्तू जुन्या घेऊच नयेत. हवेच्या कॉम्प्रेसरची टाकी त्यांतली पहिली. आत पाणी साचून ती आतून सडते आणि बाहेरून रंग छान दिसतो. पाण्याच्या दाबाची चाचणी करून दिली तरच विचार करा. चेन-पुलीचा आकडा फाकलेला असेल किंवा साखळीच्या कड्या लांबलेल्या असतील तर ती भंगारच. जुन्या जॅकवर ट्रॅक्टर उचलला तरी त्याच्याखाली ठोकळे लावल्याशिवाय जाऊ नये, पण हे नव्या जॅकलाही लागू आहे. लेथविषयी काहींना हौस असते. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे जुने लेथ अजून चालताना दिसतात, कंपनी मात्र बंद झाली. घ्यायचाच तर कॅरेज चकाजवळ आणून हलवा आणि मग दुसऱ्या टोकाला नेऊन हलवा. चकाजवळ सैल आणि टोकाला घट्ट, असे असेल तर बेड झिजलेला आहे. पण खरे सांगू का, ज्याला दुसऱ्यांची कामे घेऊन धंदा करायचा नाही त्याने लेथच्या नादी लागू नये. तेवढ्या पैशात दहा हत्यारे येतात.

गंज काढणे आणि दांडे बसवणे

घरी आणलेले हत्यार आधी रॉकेल किंवा डिझेलमध्ये एक-दोन दिवस बुडवून ठेवा. अडकलेले आटे सुटतात, वरचे तेलकट किटण निघते. मग तारेच्या ब्रशने घासा. राहिलेल्या गंजाला चिंच आहेच. आपल्या बायका पितळेची भांडी चिंचेने लख्ख करतात, त्याच आंबटपणाने लोखंडावरचा गंजही सुटतो. जुनी चिंच गरम पाण्यात कोळून त्यात हत्यार रात्रभर ठेवा, सकाळी घासा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा आणि लगेच कोरडे करून तेल लावा. सोड्याचे पाणी चुकवले तर आंबट अंश राहून संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस पडते. चिंचेच्या पाण्यात दिवसेंदिवस ठेवू नका, ते चांगले लोखंडही खाते. आणि गंज जाळावा म्हणून हत्यार चुलीत घालणे हा तर मूर्खपणा. गंजाबरोबर पाणीही जाते.

धार काढताना घाई केली की हेच होते. ग्राइंडरवर पटाशी धरली की जवळ पाण्याचा डबा ठेवा आणि दोन-तीन वेळा टेकवून बुडवत राहा. धारेवर पिवळसर छटा आली की थांबा. निळी झाली तर तेवढी धार मऊ पडली. शेवटची धार दगडावर, हाताने.

छिन्नीचे डोके घाव खाऊन छत्रीसारखे पसरलेले असते. ती छत्री घासून काढल्याखेरीज छिन्नीवर एकही घाव घालू नका. तिचा कपचा उडून डोळ्यात गेला की डोळा जातो. साधा पारदर्शक चष्मा फार महाग नसतो. तो हत्यारांच्या यादीत पहिला लिहा.

दांड्याला आपली बाभूळ उत्तम. लाकूड पुरते सुकलेले हवे आणि त्याच्या रेषा दांड्याच्या लांबीत सरळ गेलेल्या हव्यात. आडव्या रेषांचा दांडा ऐन घावात मोडतो आणि घण भलतीकडे जातो. ढिला झालेला दांडा पाण्यात बुडवून फुगवण्याची सवय पुष्कळांना आहे. तेवढ्यापुरता तो आवळतो, पण सुकल्यावर पहिल्यापेक्षा ढिला होतो, कारण फुगताना लाकूड आत चेपलेले असते. पाचर नवी मारा, हाच उपाय. दांड्याला जवसाचे तेल चोळले तर तो फाटत नाही आणि हाताला फोड कमी येतात.

व्हाइस कुठे बसवायची? ओट्याजवळ उभे राहा, मूठ हनुवटीखाली धरा. तुमचे कोपर जेथे येते तेथे जबड्याची वरची कड आली पाहिजे. घरात जो जास्त काम करणार त्याच्या उंचीने लावा. विळ्याला, खुरप्याला धार लावणे, कुकरच्या मुठीचा स्क्रू आवळणे ही कामे घरातल्या बायकांची असतील तर उंचीही त्यांचीच धरा. ग्राइंडर वा ड्रिलपाशी मात्र पदर खोचलेला, वेणी बांधलेली, बांगड्या मागे सारलेल्या हव्यात. पुरुषांनी खांद्यावरचे उपरणे आणि हातमोजेही काढून ठेवावेत. फिरत्या ड्रिलमध्ये हातमोजा अडकला तर बोटासकट जातो.

किती घ्यावे? पहिल्या वर्षी व्हाइस, लागणारे पाच-सहा रिंग पाने, एक पाइप पाना, दोन हातोड्या, लोखंड कापायची करवत, छिन्नी, पक्कड आणि पेचकस. बाकीचे जेव्हा अडेल तेव्हा. खंडेनवमीला हत्यारे पूजेला मांडतोच, त्याच दिवशी ती मोजा, तेल पुसा, कोणते हरवले ते वहीत लिहा. पावसाळ्यापूर्वी ग्रीसचा पातळ हात द्या आणि ओल्या जमिनीवर किंवा खतांच्या पोत्यांजवळ ठेवू नका. खताच्या क्षाराने महिन्यात पोलादाला खड्डे पडतात.

शेजारी हत्यार मागायला येणार, त्याला नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. प्रत्येक हत्याराच्या दांड्यावर आपल्या घरच्या रंगाचे एक कडे ओढून ठेवा, आणि भिंतीवर ज्या खिळ्याला ते टांगता त्याच्या मागे त्याच्या आकाराची रेघ मारा. रिकामी रेघ संध्याकाळी दिसली, की मुलाला शेजारी पाठवायचे.